गोष्ट सांग, मी लिहिते: पहिलीच्या वर्गातल्या प्रकल्प नोंदी

मंगळवार, २४ जून २०२५

शाळा १६ तारखेला उघडली पण पहिला आठवडा गणवेश, पुस्तकं आणि पालख्यांच्या मुक्कामाची ट्रॅफिक यातच गेला, त्यामुळे खरं काम आजपासून. वर्ग पहिलीचा, मनपाची शाळा, पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला, पट चाळीसच्या आसपास. शाळेचं आणि मुलांचं नाव या नोंदींत कुठेच येणार नाहीये. मंगळवार-शुक्रवार, खिचडीच्या सुट्टीआधीचा वेळ आमचा, म्हणजे मी आणि माझ्यासोबतचा दादा. बाकी आठवडा वर्गबाईंचा.

काम काय ते थोडक्यात. मूल गोष्ट सांगतं, आपण ती त्याच्यासमोर बसून, त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवायची, आणि त्याच दिवशी सगळ्या वर्गाने ती करून बघायची. पद्धत आमची नाही, शिकागोच्या बालवाडीत शिकवणाऱ्या विवियन पेली यांची. गोष्टीचं महत्त्व आपल्याला बाहेरून कोणी सांगायला नको म्हणा, गिजुभाई बधेकांचं भावनगरचं बालमंदिर १९२० चं, ताराबाई मोडक तिथेच त्यांच्यासोबत होत्या आणि नंतर १९४५ ला त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, पुढे कोसबाडला. पण आपल्या बहुतेक वर्गांत गोष्ट सांगतात बाई आणि ऐकतात मुलं. इथे उलटं करायचंय, आणि ऐकण्यापाशी न थांबता लिहिण्यापर्यंत न्यायचंय.

सामान: अप्पा बळवंत चौकातून जाड स्केचपेन आणले. कागद मात्र प्रेसमधले पाठकोरे, अर्धे कापून. गोष्ट अर्ध्या कागदात संपली पाहिजे हा नियम, नाहीतर एकच पोरगं तासभर सांगत बसतं आणि बाकीचे बेंचखाली जातात.

शुक्रवार, २७ जून

पहिल्या दोघांनी "एक होता राजा, त्याला दोन राण्या, एक आवडती एक नावडती" एवढं सांगून माझ्याकडे बघितलं, पाठांतर म्हणून दाखवल्यावर बघतात ना तसं, बरोबर का चूक. मी काही बोलले नाही, लिहून दिलं. तिसरा आला, त्याचे वडील साइटवर कामाला आहेत, त्याने उभ्याउभ्याच सांगितली:

"जेसीबी आल्ता. मंग पालकी आडवी आली. जेसीबी म्हणला माऊली माऊली. मंग पालकी गेली. मंग जेसीबीनं खड्डा केला. मोठाच्या मोठा. संपली."

यात सगळं आहे. अडचण आहे, सुटका आहे, शेवटी जेसीबी आपल्या कामाला लागतो.

लिहिताना एक गोष्ट पक्की करायची ठरवलंय. हात चालतो तेवढाच आवाज चालला पाहिजे. म्हणजे 'खड्डा' लिहिताना मी ख... ड्डा... असं तोंडाने म्हणत लिहिते, आणि पोरगं पुढे पळालं की "थांब, माझा खड्डा व्हायचाय अजून" म्हणून थांबवते. आज तो पहिल्यांदा धडाधडा सांगत होता, पण शेवटच्या वाक्याला त्याने स्वतःहून वेग उतरवला, "मोठाच्या" म्हणाला, माझं पेन उचललं जाईपर्यंत गप्प, मग "मोठा". त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती, पेनाच्या टोकावर होती. मला विचाराल तर लिहिण्याचा पहिला धडा तिथेच झाला, हातात पेन्सिल न घेता.

शुक्रवार, ४ जुलै

अपेक्षेप्रमाणे विषय निघाला. शाळेत आलेल्या एका साहेबांनी भिंतीवरचे कागद वाचले आणि "आल्ता काय, पालकी काय, म्हणला काय, हे तुम्ही लिहिलंय का मुलांनी?" आम्ही लिहिलंय म्हटल्यावर तर अजूनच. मुलांसमोर अशुद्ध ठेवायचं नाही म्हणे.

माझं म्हणणं साधं आहे. सहा वर्षांच्या मुलाला अजून हेच कळायचंय की कागदावरच्या रेघोट्या म्हणजे आपलं बोलणं. तो म्हणाला "आल्ता" आणि मी वाचून दाखवलं "आला होता", तर त्याला कळतं की कागदावर दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं उतरतं. मग तो पुढच्या वेळी राजा आणि दोन राण्याच सांगणार. प्रमाण मराठी शिकवायची नाही असं कोण म्हणतंय, पाठ्यपुस्तकात ती रोज समोर असतेच. आणि आपण सुशिक्षित लोक तरी बोलताना "असं केलं" म्हणतो आणि निबंधात "असे केले" लिहितो, ती सवय आपल्याला पहिलीत लागलेली नाही.

वर्गबाईंचा आक्षेप वेगळा आणि जास्त वजनदार. "चाळीस पोरं, मी एकटी, तुम्ही दोघं आठवड्यातून दोन दिवस येता, बाकीचे दिवस मी एकेकाची गोष्ट कधी लिहू? आणि तिकडे निपुणच्या चाचण्या." खरंय. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ ला आलं तेव्हापासून तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे हे उद्दिष्ट, त्याला २०२६-२७ ची मुदत, आणि सगळा हिशोब शेवटी वर्गातल्या बाईंकडेच मागितला जातो. तूर्तास ठरलं ते असं: रोज फक्त दोन मुलं, हजेरी झाल्या झाल्या, पाळीची यादी दारामागे. दोन गोष्टींना दहा मिनिटं लागतात. बाई म्हणाल्या बघू.

मंगळवार, ८ जुलै

करून बघणं सुरू केलं. बेंच मागे सरकवून खडूने जमिनीवर मोठं रिंगण काढलं, सगळे कडेने बसले. मी गोष्ट वाचते, जिची गोष्ट तिने आपण कोण होणार ते सांगायचं, बाकीची पात्रं रांगेत ज्याचा नंबर येईल त्याला. मुलगा राणी झाला तरी चालेल, दोघं मिळून एक विहीर झाले तरी चालेल, नको असेल तर "पास" म्हणायचं. मारामारी असेल तर हात न लावता.

गोंधळ प्रचंड झाला. जेसीबीला पाच जण लागले कारण बकेट वेगळी, चाकं वेगळी. शेजारच्या वर्गातले सर दोनदा डोकावून गेले.

पण नंतर गोष्ट सांगायला आलेल्या मुलांमध्ये फरक दिसला, कारण आता त्यांना माहितीये की जे लिहिलं जाईल तेच रिंगणात होणार आहे. एकीने सांगितलं "एक मुलगी होती, तिची आई होती" आणि मध्येच थांबून मोजलं, "आणि तिची मैत्रीण होती, आणि अजून एक मैत्रीण होती". शेजारी बसलेल्या दोघींना घ्यायचं होतं तिला. म्हणजे कागदावर नाव आलं तर रिंगणात जागा. इतकं थेट कारण आपण लिहायला शिकताना आपल्याला कोणी दिलं होतं?

शुक्रवार, ११ जुलै

आजचा शोध ऽ. झालं असं की बिबट्याची गोष्ट होती (जुन्नरच्या बातम्या घरोघरी टीव्हीवर, त्यामुळे या वर्षी वाघ-सिंह मागे पडलेत) आणि त्यात बिबट्या ओरडतो. मी लिहिलं "डर्र". सांगणारा म्हणे नाही, "डर्रर्रर्रर्र" आहे, आणि त्याने ते पूर्ण श्वास संपेपर्यंत करून दाखवलं. मी दोन 'र्र' वाढवले, पटेना. मग "आऽऽऽऽ" असं लिहून दाखवलं आणि सांगितलं की ही वाकडी खूण आहे ना, ती जितक्या वेळा तितका आवाज लांब. त्याने बोटाने मोजल्या आणि म्हणाला अजून दोन टाक.

दोन दिवसांत ही खूण वर्गभर होणार. क अजून न येणारी मुलंही ऽऽऽ काढतायत, पाटीवर, जमिनीवर, हातावर. बाराखडीच्या तक्त्यात तिला जागा नाही, गिरवायला कोणी देत नाही, तरी हीच पहिली आली कारण ती लगेच काम करते, काढली की वाचणाऱ्याला ओरडावंच लागतं. दादा म्हणाला अभ्यासक्रमवाल्यांना कळवायला पाहिजे. हसलो पण मला ते पूर्ण चेष्टेतलं वाटलं नाही.

शुक्रवार, १८ जुलै

पाऊस. निम्मा वर्ग गैरहजर. रिंगणाची जागा ओली, त्यामुळे करून बघणं नाही, नुसतं लिहून घेतलं. सगळ्या गोष्टी पाण्याच्या. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीकाठच्या घरांमध्ये काय होतं ते या मुलांना वर्तमानपत्रापेक्षा चांगलं माहितीये, कोणतं सामान आधी उचलायचं याची यादी एकीने दिली, गॅसची टाकी, दप्तर, कोंबडी.

मंगळवार, २२ जुलै

जे घडावं म्हणून वाट बघत होतो ते आज घडलं, आणि माझ्या कल्पनेपेक्षा फारच किरकोळ दिसणाऱ्या प्रसंगातून.

पिवळ्या दप्तरवाली, तब्येतीने बारीक, आवाजाने मोठी. तिची गोष्ट: "आमच्या गल्लीत कुत्रं हाय. ते रिक्षाच्या मागं पळतं. रिक्षावाले काका थांबले तर ते पण थांबलं. मंग ते घरी गेलं." लिहून घेतली, वाचून दाखवली, ती हो म्हणाली. रिंगणात कुत्रा तीच. मी वाचतेय, ती पळतेय, आणि पळताना ती जोरजोरात भुंकली, सगळे हसले. वाचून संपल्यावर ती तरातरा माझ्याकडे आली, कागद ओढला आणि म्हणाली, "हितं भुंकतंय ते न्हाई."

मी म्हटलं तू सांगितलं नव्हतंस, कुठे घालायचं? तिने बोट ठेवलं 'पळतं' च्या पुढे. बोट बरोबर जागी. म्हणजे कागदावरच्या कुठल्या ठिपक्याजवळ गोष्टीतला कुठला क्षण आहे हे तिला कळत होतं, आणि या मुलीला अक्षरं विचारली तर पाच-सहा येतात. मी स्केचपेन तिच्या हातात दिलं. तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, भटजीचा भ शोधला, तसा काढला, उलटा झुकलेला, मग विचारलं "भू चं शेपूट कुठलं?" मी हवेत दाखवलं. तिने खाली शेपूट जोडलं आणि पुढे ऽऽऽऽ, कागद संपेपर्यंत.

भूऽऽऽऽ.

आपण म्हणतो आधी अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं, मग कधीतरी तिसरी-चौथीत "माझा आवडता प्राणी". इथे आधी आख्खी गोष्ट होती, त्यात एक भोक दिसलं, आणि ते बुजवायला जेवढं लागतं तेवढंच एक अक्षर तिने मागून घेतलं. मला आता जवळपास खात्री वाटतेय की मूल लिहायला लागतं ते आपल्या गोष्टीत काहीतरी राहिलंय म्हणून. आपलं काम, गोष्ट त्याची राहील आणि राहिलेलं त्याला दिसेल असं बघणं. दिसेल कधी, तर अंगाने करून बघितल्यावर. नुसतं वाचून दाखवलं होतं तेव्हा ती हो म्हणालीच होती की.

यावरून एक बदल: रिंगण झाल्यावर कागद लगेच भिंतीवर लावायचा नाही. आधी सांगणाऱ्याकडे परत, पेनासकट, "काही राहिलं?" एवढाच प्रश्न.

शुक्रवार, १ ऑगस्ट

"काही राहिलं?" ला आता रोज काहीतरी उत्तर येतं. बहुतेक आवाजच, धप्प, टुणटुण, पॉं. काही जण पूर्ण ओळ घालतात. आज एकाने स्वतः लिहिलेली ओळ: "मझ मजर पळल". माझं मांजर पळालं. काना नाही, अनुस्वार नाही, पण व्यंजनं एकूण एक हजर आणि क्रमाने. ऐकू येणाऱ्या शब्दाचा सांगाडा त्याने बरोबर उचलला. अशा मुलाला "काना कुठंय?" म्हणून लाल पेन लावलं तर तो उद्या 'मजर' सोडून 'घर' लिहील, कारण त्यात चुकायला काही नाही.

काना-मात्रा शिकवायच्या नाहीत असं नाही, पण त्याला वाचायला लावायचं. त्याने स्वतःचंच वाचलं "मजर... मजर?" आणि खदखदा हसला. मग काना मागितला. अनुस्वार नाही मागितला, बरं, उद्या.

ऱ्हस्व वेलांटीची गंमत वेगळीच. 'किडा' लिहिणारी मुलगी आधी क काढते, मग तिला ऐकू येते इ, आणि वेलांटी जायला पाहिजे क च्या आधी, जिथे आता जागाच नाही. ती सरळ मागे लावते, 'कीडा'. ऐकलं नंतर तर लिहिलं नंतर, तिचं काही चुकलेलं नाही, आपली लिपीच तिथे उलटी चालते. पाठ करून येणाऱ्या मुलांना हा प्रश्न पडत नाही कारण ती 'कि' चं चित्रच लक्षात ठेवतात. बोलण्यातून लिखाणाकडे येणाऱ्यांना पडतोच, त्यामुळे या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी जरा उशिरा जमणार हे आधीच धरून चाललेलं बरं.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्कीने कधीच म्हणून ठेवलंय की मुलाला एक शोध लागावा लागतो, वस्तूंसारखंच बोलणंही काढता येतं हा. या वर्गात काही जणांना तो शोध अजून लागायचाय, गोष्ट लिही म्हटलं की ते कुत्र्याचं चित्र काढून देतात. काढू देत. चित्राखाली "हा काय म्हणतोय?" विचारलं की पुढचं दार उघडतं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पालकसभा. एका आजोबांनी वही उघडून दाखवली, "दोन महिने झाले, वही कोरी." शेजारच्या इंग्लिश मीडियममधल्या नातवाच्या वहीत पानंच्या पानं भरलीत. भाषण देण्यापेक्षा त्यांच्या नातीला त्यांच्यासमोर बसवलं आणि तिच्या गोष्टींची चवड दिली, तिने दोन वाचून दाखवल्या. काही वाचलं, काही पाठ होतं, मला ते ओळखू येत होतं, आजोबांनाही आलं असणार. "पाठ केलंय हिनं," ते म्हणाले. मग त्यांनी कागदावरच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारलं हे काय? ती वर बघून पुटपुटली, पहिल्यापासून बोटाने म्हणत तिथवर आली आणि म्हणाली "म्हस." आजोबा काही बोलले नाहीत पण ते कागद घडी करून खिशात घालून घेऊन गेले. परत मागायचेत.

दुरेघी वहीत रोज चार ओळी लिहायच्या, बाईंनी ही मधली वाट काढली. मला नको होतं पण हात वळायला तेही लागतं, आणि पालकांना घरी दिसायला काहीतरी हवं हेही खरं.

मंगळवार, १९ ऑगस्ट

खिडकीजवळचा मुलगा जूनपासून "पास". आईवडील कलबुर्गीकडून बांधकामावर आलेले, घरी कन्नड, मराठी कळते पण बोलत नाही. रिंगणात मात्र झाड होतो, भिंत होतो, न बोलणारं काहीही.

आज खिचडी वाढणाऱ्या मावशींनी मार्ग काढला. त्याही तिकडच्याच. त्या सहज त्याच्याशी बोलायला लागल्या आणि तो असा सुटला की मी कागद घेऊन पळत गेले. "आने बंतु," तो म्हणाला. हत्ती आला. मी देवनागरीत तेच लिहिलं, आने बंतु, पुढे काय ते मावशी सांगत गेल्या, मी जसं ऐकू आलं तसं लिहीत गेले, दोन ठिकाणी त्याने मला थांबवून उच्चार सुधारला. रिंगणात मी वाचली, माझं कन्नड ऐकून तो हसून हसून लोळला. चाळीस पोरांनी "आने बंतु" म्हणत हत्ती केला. आता जिन्यात कोणी मोठं माणूस आलं की वर्गातून आवाज येतो आने बंतु. मुख्याध्यापकांना अजून कळलेलं नाही.

त्याच्या गोष्टीचं मराठी आम्ही केलं नाही. त्याला वाटलं तर तो करेल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी धरून मोठा खंड पडला. सगळ्यांकडे गोष्टी साठलेल्या, ढोलपथक, हौदातलं विसर्जन, हरवलेली चप्पल. एकाने व्यासांची गोष्ट ऐकून आणली होती मंडपातून, की व्यास सांगत होते आणि गणपती लिहीत होता, आणि गणपतीने अट घातली मध्ये थांबायचं नाही. त्यावर पिवळं दप्तर म्हणाली, "ताई तर सारखी थांब थांब म्हणते." मी म्हटलं मला एकच तोंड आहे, बोलायचं पण त्यानेच. व्यासांची उलटी अट त्यांना मीच सांगितली, अर्थ कळल्याशिवाय गणपतीने लिहायचं नाही. ती मुलांना आवडली. आता कोणी लिहून घेताना शब्द कळला नाही तर विचारतात, कारण आता मुलंच एकमेकांच्या गोष्टी लिहून घ्यायला लागलीत, जोडीने. अर्ध्या ओळी वाचता येत नाहीत. ज्याने लिहिल्या त्यालाही नाही. मग दोघं भांडतात की तू असं म्हणला होतास, नाही मी असं म्हणलो होतो. हे भांडण मी अजिबात सोडवत नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

शब्दचिठ्ठ्या सुरू केल्या. न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवताना हे करायच्या: प्रत्येक मुलाने आपल्याला हवा तो एक शब्द मागायचा, बाईंनी जाड कार्डावर लिहून द्यायचा, दुसऱ्या दिवशी ओळखला नाही तर कार्ड बाद, तो शब्द त्याचा नव्हताच असं समजायचं. आम्ही लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून वापरतोय. मागितलेले शब्द: पप्पा, जेसीबी, भूत, मॅगी, गाव, पोलीस, आज्जी. 'भूत' एकदा बघून सगळ्यांना येतं. 'कमळ', जे सगळीकडे पहिल्या पानावर असतं, ते कुणीही मागितलेलं नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सत्र संपत आलं. बाईंशी बसून बोललो. रोज दोन गोष्टींची यादी त्यांनी खरंच चालवली, चाचणीच्या आठवड्यात बंद होती, पुन्हा सुरू केली. त्यांचं निरीक्षण असं की श्रुतलेखनात आमच्या वर्गाच्या चुका जास्त आहेत पण कोरी पाटी ठेवणारं कोणी नाही. मला यात तोटा दिसत नाही, त्यांना थोडा दिसतो, कारण उत्तर त्यांना द्यायचंय.

शुद्धलेखन कधीपासून, यावर एकमत झालं नाही. त्या म्हणतात दिवाळीनंतर लगेच. मी म्हणते दुसरीत. दादाने काढलेला तोडगा: मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही, पण आठवड्यातून एक गोष्ट, मालकाला विचारून, फळ्यावर मोठी लिहायची आणि "पुस्तकात छापायची असती तर?" म्हणून सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायची. बाईंना चाललं. पहिली गोष्ट कुणाची घ्यायची तर भुंकण्याची, तिला विचारलं, तिने अट घातली, ऽ एकही काढायची नाही.

दिवाळीनंतरसाठी: पाठकोरे संपलेत, प्रेसवाल्यांना फोन. मावशींना आठवड्यातून एक तास वर्गात बसता येईल का ते मुख्याध्यापकांना विचारणे. आजोबांकडून कागद परत आणणे.